खताचा गोळा होतोय? आधी तो पोत्यात कुठे धरलाय ते बघा

जुलै उजाडला की माझा फोन वाजायला लागतो. आडसाली उसाच्या लागणी चालू असतात, बेसल डोससाठी, म्हणजे लागणीवेळच्या पहिल्या हप्त्यासाठी, खत हवं असतं, आणि सोसायटीच्या गोडाऊनमधून पोतं उचलावं तर आत दगड. फोन कधी दुकानदाराचा, कधी सोसायटी सांभाळणाऱ्या गटसचिवाचा, कधी एखाद्या छोट्या मिश्रखत कारखान्यातल्या सुपरवायझरचा असतो. पण प्रश्न एकच: "अँटिकेकिंगची, म्हणजे गोळा होऊ नये म्हणून, कुठली पावडर मारू?" पावडरीचं मी शेवटी सांगतो. त्याआधी माझा उलटा प्रश्न असतो, गोळा कुठे धरलाय? पोत्याच्या पोटात, कडेला, शिलाईपाशी, का फक्त थप्पीच्या तळाच्या पोत्यांत? याचं नीट उत्तर मिळालं की निम्मं काम झालं. ते न बघता केलेला खर्च बहुतेक वेळा वाया जातो, आणि तो आम्ही स्वतः करून बसलो आहोत.

मी ज्या कारखान्यात उत्पादन बघत होतो, तिथून एका पावसाळ्यात राधानगरी भागात १८:१८:१० ची (नत्र, स्फुरद, पालाशाचे टक्के) गाडी गेली. अठरा-वीस दिवसांनी तिथल्या गटसचिवांचा फोन आला. "साहेब, हमालानं पोतं खांद्यावर घेतलं तर धोंडा घेतल्यागत वाटाय लागलंय. पोतं वाकतच न्हाई." गाडी परत आणली. आम्ही आधी बॅगवाल्याला धरलं, लायनर, म्हणजे पोत्याच्या आतली प्लास्टिकची पिशवी, पातळ दिला म्हणून. त्याने जाड लायनर दिला, तरी पुढच्या लॉटचं तेच. मग कोटिंगची चिनी माती वाढवली. पोती उघडताना धुरळा उडू लागला, पण गोळे काही हटले नाहीत. तिसऱ्या वेळी मी पाच पोती आडवी पाडून ब्लेडने मधोमध फाडली आणि नुसतं बघत बसलो. लायनरची बाहेरची बाजू कोरडी होती. आतल्या बाजूला दव धरलं होतं. दाणे पोटातसुद्धा तेवढेच ओलसर, चकचकीत, एकमेकांना चिकटलेले. म्हणजे पाणी बाहेरून आलंच नव्हतं. ते खतातूनच सुटलं होतं.

त्याचं कारण पुढे सांगतो. आधी पोतं फाडून काय वाचायचं ते सांगायला हवं.

पोतं काय सांगतं

बाहेरचा दोन-तीन बोटांचा थर कडक आणि पोट मोकळं असेल, तर दोन शक्यता. एक तर ओलावा बाहेरून आला, किंवा पोतं गरम भरलं गेलं आणि आतली वाफ थंड कडेला येऊन बसली. लायनर कुठे फाटलाय का, हमालाच्या हुकाचं भोक आहे का, ते शोधा. भोक सापडलं आणि कडकपणा त्याच्याच आसपास असेल, तर कारखान्याला दोष देण्यात अर्थ नाही. भोक नाही आणि चारी बाजूंनी सारखाच थर आहे, तर माल गरम भरलेला होता.

तोंडाशीच गोळा असेल तर शिलाई बघा. लायनर आणि बाहेरची विणलेली पिशवी एकत्र शिवली, की सुईचं प्रत्येक छिद्र हवेला वाट देतं.

फक्त तळाच्या तीन-चार पोत्यांत गोळा आणि वरची मोकळी, तर ते मुख्यतः ओझ्याचं काम. पंधरा पोत्यांची थप्पी म्हणजे तळाच्या पोत्यावर चौदा पोती, ५० किलोच्या हिशेबाने ७०० किलो. एवढ्या दाबाखाली दाणे चपटे होतात, त्यांचा एकमेकांना लागणारा भाग वाढतो. ही पोती कमरेएवढ्या उंचीवरून सपाट पाडली तर बहुतेक वेळा मोकळी होतात. अशा गोळ्याची फार काळजी करू नका. पाडूनही जे फुटत नाही, तो खरा आजार.

आणि पोटापासून कडेपर्यंत सगळं एकसारखं धरलं असेल, तेही भरल्यापासून आठ-पंधरा दिवसांत, तर गोडाऊनमध्ये कारण शोधू नका. कारण फॉर्म्युल्यात आहे, किंवा दाणे सुकवणाऱ्या ड्रायरमध्ये.

मुळात गोळा होतो कसा

कोल्हापूरकराला हे समजावणं सोपं आहे, कारण गूळ आपण सगळ्यांनी पाघळताना पाहिलाय. आषाढात उघडी राहिलेली ढेप बाहेरून चिकट होते. हवेतलं पाणी पृष्ठभागावर ओढलं जातं, त्यात थोडा गूळ विरघळतो आणि पातळ पाकाचा थर तयार होतो. खताच्या दाण्यावरही असाच क्षाराच्या द्रावणाचा थर बसतो, डोळ्यांना दिसणार नाही इतका पातळ. दोन दाणे जिथे टेकतात तिथे हे द्रावण साठतं. मग हवा कोरडी झाली किंवा तापमान उतरलं, की त्यातला क्षार पुन्हा स्फटिक होतो. तो स्फटिक दोन दाण्यांना जोडून टाकतो. असे लाखो सांधे झाले की पोत्याचा धोंडा होतो. म्हणून नुसता ओलावा जितका वाईट, त्याहून वाईट ओलं-सुकं, ओलं-सुकं हा फेरा.

प्रत्येक खताची आर्द्रतेची एक वेस असते. हवेतली आर्द्रता त्या वेशीच्या आत असेपर्यंत खत पाणी ओढत नाही. वेस ओलांडली की ओढायला लागतं. आमच्या धंद्यात याला सीआरएच (क्रिटिकल रिलेटिव्ह ह्युमिडिटी) म्हणतात. ३० अंश सेल्सिअसला युरियाची वेस साधारण ७२ ते ७५ टक्के, अमोनियम सल्फेटची ७९, डीएपीची (डायअमोनियम फॉस्फेट) ८२-८३, म्युरेट ऑफ पोटॅशची (आपण नुसतं पोटॅश म्हणतो ते) ८४. अमोनियम नायट्रेटची मात्र ५९ आणि कॅल्शियम नायट्रेटची ४७ च्या आसपास. आता खरी गोम अशी की दोन खतं एकत्र आली की मिश्रणाची वेस दोघांच्याही खाली जाते. युरिया आणि पोटॅश वेगवेगळे ठेवले तर ७२ आणि ८४, मिसळले की ६०. युरिया आणि अमोनियम नायट्रेट मिसळले तर १८. म्हणजे उन्हाळ्यातल्या कोरड्या दुपारीसुद्धा त्याला पाणी सुटेल. म्हणून हे दोघे कोरड्या मिश्रणात कधीच एकत्र आणत नाहीत.

आपल्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये गगनबावडा, राधानगरी, शाहूवाडीकडे दिवसचे दिवस हवा ८५-९० टक्क्यांवर असते. शिरोळकडे पाऊस कितीतरी कमी. एकाच लॉटची दोन गाड्यांतली पोती, एक शिरोळला मोकळी राहते आणि दुसरी गगनबावड्यात धरते, तेव्हा "त्यांच्याकडं कसं चांगलं हाय?" असा वाद होतो. दोघेही खरं बोलत असतात. माल मात्र कडेलोटावर उभा होता, एका तालुक्याच्या हवेने त्याला ढकललं इतकंच.

फॉर्म्युल्यातला घरभेदी

आता आमच्या त्या गाडीचं. १८:१८:१० साठी टनामागे साधारण ३९० किलो डीएपी, २४० किलो युरिया, १६७ किलो पोटॅश आणि उरलेले २०० किलो फिलर, म्हणजे नुसतं वजन भरणारा माल, लागतं. त्या वर्षी डीएपी वेळेवर मिळेना. म्हणून फिलरच्या जागी सुमारे २०० किलो सिंगल सुपर फॉस्फेट (एसएसपी) घातलं, डीएपी कमी केलं, युरिया थोडा वाढवला. कागदावर हिशेब चोख बसत होता आणि नमुनाही पास झाला.

पण एसएसपीमधल्या मोनोकॅल्शियम फॉस्फेटच्या स्फटिकात पाण्याचा एक रेणू बांधलेला असतो. युरिया त्याला भेटला की चार रेणू युरिया त्या फॉस्फेटशी जोडले जातात आणि बांधलेलं पाणी बाहेर ढकललं जातं. एसएसपीमध्ये जिप्समही असतं. त्याच्याही पाण्याची जागा युरिया घेतो आणि पाणी मोकळं होतं. डीएपी आणि एसएसपी यांच्यातही पाणी सोडणारी प्रक्रिया होते, जरा संथ. हे सगळं पोतं शिवल्यावर, आतल्या आत चालू राहतं. ड्रायरने कितीही सुकवा, नंतर सुटणारं पाणी ड्रायरला कुठून दिसणार? वर एसएसपी ताजं, नीट न मुरलेलं असेल तर त्यातलं मुक्त आम्लही ओलावा धरून ठेवतं.

हे आम्हाला कळलं ते प्रयोगशाळेतल्या महागड्या यंत्रावर नाही. लोणच्याच्या रिकाम्या बरण्यांत कळलं. पद्धत सांगतो, प्रत्येक छोट्या कारखान्याने नवा कच्चा माल घेण्याआधी हे करावंच. झाकण घट्ट बसणाऱ्या काचेच्या बरण्या घ्या. एकेका बरणीत दोन-दोन कच्चे माल समसमान मिसळा: युरिया-डीएपी, युरिया-पोटॅश, युरिया-एसएसपी, डीएपी-एसएसपी. एकेक माल एकटाही ठेवा, तुलनेला. झाकण लावून ३० अंशांच्या आसपास राहील अशा जागी ठेवा आणि महिनाभर रोज डोळ्याखालून घाला. हलवून बघा, दाणे खळखळतात का. आमची युरिया-एसएसपीची बरणी चौथ्या दिवशी काचेला चिकटली आणि आठवड्यात आत चिखल झाला. शेजारी युरिया-डीएपी महिनाभर खळखळत होतं. झाकण बंद, म्हणजे बाहेरची हवा नाही. मग बॅगवाल्याचा काय दोष होता? त्याला मी दुसऱ्याच दिवशी फोन करून तसं सांगितलं.

उपाय काय? माझं स्पष्ट मत: युरिया असलेल्या दाण्यात एसएसपी घालू नका. ते अमोनियाने उदासीन करून वापरता येतं, पण ती सोय छोट्या कारखान्यात नसते. काही जण चुनकळी घालून आम्ल मारायला जातात. डीएपीसोबत चुना म्हणजे अमोनियाचा वास आणि नत्राचं नुकसान, ते करूच नका. एसएसपी शेतकऱ्याला वेगळ्या पोत्यातूनच जाऊ द्या. त्यातलं गंधक आणि कॅल्शियम उसाला हवंच आहे.

ड्रायर आणि कूलर, आणि आपला पावसाळा

फॉर्म्युला बरोबर असेल तर पुढचा संशयित ओलावा. खत नियंत्रण आदेश १९८५ प्रमाणे युरियात ओलावा १ टक्क्याच्या आत हवा, डीएपीत २.५ टक्क्यांच्या आत. पण आदेशातली मर्यादा म्हणजे न धरण्याची हमी नव्हे. युरिया असलेल्या मिश्र दाण्यात मी स्वतः १ टक्क्याच्या वर माल भरू देत नसे.

इथे मोजमापाची एक चूक सर्रास दिसते. नमुना १०५ अंशांच्या ओव्हनमध्ये ठेवतात आणि घटलेलं वजन म्हणजे ओलावा धरतात. युरिया असलेला माल त्या तापमानाला थोडा विघटित होतो, त्यामुळे आकडा फसवा येतो. कार्ल फिशर पद्धतीने मोजा, ती रसायनाने फक्त पाणीच मोजते. स्वतःकडे नसेल तर बाहेरच्या प्रयोगशाळेतून अधूनमधून पडताळून घ्या.

दुसरं, दाणा वरून कोरडा आणि पोटात ओला असतो. ड्रायर घाईने चालवला, आच वाढवली, की हेच होतं. हातात घेतलेला दाणा खडखडीत लागतो, पण आतलं पाणी दोन दिवसांत वर येतं. युरियाचं मिश्रण फार तापवूनही चालत नाही. दाणा साधारण ८० अंशांच्या पुढे गेला की मऊ पडून ड्रमला चिकटायला लागतो. म्हणजे आच वाढवणं हा उपाय नाही. माल कमी टाका, हवा जास्त खेचा, दाण्याला ड्रायरमध्ये वेळ द्या. आणि शक्य असेल तर ताजा माल थेट पोत्यात न भरता शेडमध्ये दोन-तीन दिवस ढीग करून मुरू द्या, मग ढीग मोडून, चाळून भरा. जे सांधे व्हायचे ते ढिगात होऊन तिथेच मोडले जातात. पावसाळ्यात त्या ढिगावर प्लास्टिक मात्र हवंच. जागा अडते, मालक कुरकुरतात, पण परत आलेल्या एका गाडीच्या भाड्यात ही जागा फिटते.

गरम माल भरल्याने काय होतं ते युरियाच्या आकड्यांवरून कळेल. १०० ग्रॅम पाण्यात ४० अंशांना सुमारे १६७ ग्रॅम युरिया विरघळतो, २० अंशांना १०८. म्हणजे गरम भरलेलं पोतं गोडाऊनमध्ये निवलं, की दाण्यांमधल्या त्या पातळ द्रावणातून तिसऱ्या हिश्श्याहून जास्त युरिया स्फटिक होऊन बाहेर पडतो. तोच सिमेंटचं काम करतो. पोटॅशची विद्राव्यता तापमानाने इतकी बदलत नाही, म्हणून नुसतं पोटॅश या कारणाने तितकं धरत नाही. भरताना माल ४५ अंशांच्या वर असेल तर मी पोती शिवूच देत नसे, ४० च्या आसपास आला तर उत्तम. लांब दांड्याचा थर्मामीटर भरलेल्या पोत्यात, शिवण्याआधी, खुपसून बघा, बेल्टवरच्या मालात नको. बेल्टवर वरचा थर लवकर निवतो आणि आपली फसगत होते.

मग सुकलेले दाणे निववणारा कूलर जितका थंड करेल तितकं चांगलं, असं वाटेल. उन्हाळ्यात ते खरं आहे. पावसाळ्यात नाही, आणि ही गोष्ट मला सगळ्यात जास्त पोटतिडकीने सांगायची आहे. समजा बाहेर २५ अंश आणि ८८ टक्के आर्द्रता आहे. ही हवा ३५ अंशांच्या दाण्याला लागली की दाण्यापाशी ती तापते आणि तिची आर्द्रता ५० टक्क्यांवर उतरते. तोच दाणा ३० अंशांपर्यंत थंड केला तर त्याच्यापाशी आर्द्रता ६६ होते. युरिया-पोटॅशची वेस ६०. म्हणजे शेवटचे पाच अंश थंड करण्याच्या नादात आपण ड्रायरने काढलेलं पाणी कूलरमध्ये परत पाजतो! म्हणून ऐन पावसात दाणा बाहेरच्या हवेपेक्षा दहाएक अंश गरमच बाहेर काढा. पुढचं निवणं पोत्यात, पण पहिले दोन दिवस पोत्यांची थप्पी पाच-सहाच्या वर नेऊ नका, दोन थप्प्यांमध्ये फट ठेवा. पैसे असतील तर कूलरला कोरडी केलेली हवा द्या, त्याला तोड नाही. नसतील तर निदान कूलरचं हवा खेचण्याचं तोंड शेडच्या बाहेर, पावसाच्या तुषारांत उघडं आहे का, स्क्रबरच्या (धूळ-वाफ पाण्याने धुणाऱ्या यंत्राच्या) शेजारी आहे का, ते आजच जाऊन बघा. आणि मुसळधार पावसाच्या रात्री बॅगिंग थांबवलं तर काही बिघडत नाही.

चाळणीकडे दुर्लक्ष होतं. डीएपीसारख्या दाणेदार खतात किमान ९० टक्के दाणे १ ते ४ मि.मी. चे हवेत आणि १ मि.मी. च्या खालचा चुरा ५ टक्क्यांच्या आत, असं आदेश सांगतो. चुरा दाण्यांमधल्या पोकळ्या भरतो आणि सांधे कित्येक पट वाढवतो. पावसाळ्यात चाळणीची भोकं ओल्या चुऱ्याने बुजतात, चाळणी नुसती हलते, चाळत नाही. प्रत्येक शिफ्टला खरडून साफ करा.

आता पावडर

वरचं सगळं जागेवर असेल तर कोटिंग कामाला येतं. चिनी माती किंवा संगजिरे टनामागे १० ते १५ किलो, आणि ती दाण्याला चिकटून राहावी म्हणून त्याआधी २-३ किलो तेल. तेल न लावता पावडर मारली तर ती पोत्याच्या तळाशी जाऊन बसते, आम्ही तेच केलं होतं. दुसरा प्रकार फॅटी अमाइन या मेणासारख्या रसायनाचा, तेलात मिसळून ६०-७० अंशांना पातळ करून फवारायचा, टनामागे १ ते २ किलोपुरता. दाण्याला पाण्यापासून दूर ठेवणारं कवच तयार होतं. महाग वाटतो, पण युरियाच्या मालाला माझा कौल त्यालाच.

पावडर स्वतः कोरडी हवी. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्यांमुळे आपल्याकडे बेंटोनाइट सहज मिळतं, म्हणून काही जण कोटिंगला तेच वापरतात. दाणा बांधायला बेंटोनाइट उत्तम, पण ते पाणी पिऊन फुगतं. वरच्या कवचाला मी घेणार नाही. कोटिंगचं वजन फॉर्म्युल्यात धरायला विसरू नका. दीड टक्का माती म्हणजे अन्नद्रव्यं तेवढ्या प्रमाणात कमी, आणि काठावरचा नमुना त्याने नापास होतो.

गोडाऊन: दार उघडं का बंद

बरेच गटसचिव गोडाऊन सांभाळायला धान्य आणि पेंडीवर शिकलेत. धान्याला हवा खेळती लागते, म्हणून सकाळी आल्या आल्या दारं-खिडक्या सताड उघडतात. खताला पावसाळ्यात हे घातक आहे. बाहेरची ९० टक्क्यांची हवा आपण स्वतः आत घेतो. खताच्या गोडाऊनची दारं जून ते सप्टेंबर बंद ठेवा, माल काढण्यापुरती उघडा. चार दिवस उघडीप मिळाली, ऊन पडलं, तर दुपारी बारा ते चार उघडा, तेही आर्द्रतामापक बघून. हा मापक काही शे रुपयांना मिळतो. एक आत टांगा, एक बाहेर. आतला आकडा बाहेरच्यापेक्षा जास्त असेल तरच दार उघडायचं. एवढा एक नियम पाळला तर निम्म्या तक्रारी थांबतील, हे मी अनुभवाने सांगतो.

पोती जमिनीवर नकोत. लाकडी फळ्या किंवा पॅलेट, वीतभर उंच, आणि भिंतीपासून हात-दीड हात लांब. पत्र्याच्या छपराला पहाटे घाम फुटतो आणि थेंब वरच्या थरावर पडतात. गळती नसतानाही वरची पोती ओली दिसतात ती यामुळे. थप्पीवर जाड प्लास्टिक टाकून ते खालपर्यंत सोडा. मिश्रखताची थप्पी पावसाळ्यात दहा-बाराच्या वर नको. आधी आलेला माल आधी बाहेर जाईल अशी वाट ठेवा. बहुतेक गोडाऊनमध्ये नवी गाडी दाराशी लागते आणि जुना माल मागच्या भिंतीला वर्षभर अडकतो. हमालांना हुक लावू देऊ नका. त्यांना नुसतं ओरडून उपयोग नाही, पोतं खांद्यावर द्यायला एक माणूस जास्त द्या, मग हुक आपोआप सुटतो.

नदीकाठच्या गावांनी आणखी एक करावं. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात गोडाऊनात पाणी शिरलेली गावं मी पाहिली आहेत. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांच्या इशारा पातळीला आली की तळाचे थर हलवायला सुरुवात करा. ४३ फुटांच्या धोका पातळीची वाट बघितली तर ट्रॅक्टर मिळत नाही.

धरलेल्या पोत्यांचं काय करायचं

खत धरलं म्हणजे वाया गेलं, असं नाही. नत्र, स्फुरद, पालाश तिथेच असतं, फक्त दाणा मोडलेला असतो. पोतं आडवं पाडून, लोळवून, लाकडी मोगरीने ठोकून मोकळं करा आणि लगेच वापरा. फोडलेलं खत परत साठवलं तर चुऱ्यामुळे ते दुप्पट वेगाने धरतं. अमोनियाचा वास येत असेल तर मात्र नत्र उडायला लागलंय, तो माल त्याच दिवशी मातीआड करा.

थप्पी धरली असेल तर खालचं पोतं ओढून काढायला कुणालाही पाठवू नका. वरचा कडा तसाच अधांतरी राहतो आणि अचानक कोसळतो. नेहमी वरून उतरवा.

आणि धरलेला ढीग फोडायला ठिणगी, आग, सुरुंग यातलं काहीही जवळ नेऊ नये. जर्मनीत ओपाऊ इथल्या कारखान्यात अमोनियम सल्फेट आणि अमोनियम नायट्रेटच्या मिश्रखताचा मोठा साठा असाच धरायचा, आणि तो फोडायला तिथे सुरुंग लावण्याची रीतच होती. अनेक वेळा काही झालं नाही. २१ सप्टेंबर १९२१ ला त्या साठ्याचा स्फोट झाला आणि ५०० हून अधिक माणसं गेली. आपल्याकडच्या युरिया-डीएपीच्या पोत्याला तसा धोका नाही, पण नायट्रेट असलेल्या खताजवळ डिझेल, भुसा, बिडी-काडी नको, हे हमालांना सांगून ठेवा. कोटिंगचं तेलही अशा मालावर मोजूनमापूनच मारायचं असतं.

शेतकऱ्याच्या घरी

उरलेलं अर्धं पोतं गोठ्यात ठेवू नका, तिथे हवा कायम दमट. आतला लायनर हाताने दाबून हवा काढा, पीळ देऊन सुतळीने बांधा, मग बाहेरची पिशवी बांधा. ठिबकसाठी आणलेलं कॅल्शियम नायट्रेट तर उघडलं की त्याच दिवशी संपवायचं. ४७ ची वेस आपल्या पावसाळ्यात रात्रंदिवस ओलांडलेली असते, सकाळी बादलीत पाणी दिसेल. ते झाकणाच्या डब्यात, इतर खतांपासून लांब ठेवा.

उसाच्या भरणीला, म्हणजे माती चढवताना, युरिया, डीएपी आणि पोटॅश एकत्र करून टाकायची आपल्याकडे पद्धत आहे. ती चुकीची नाही, पण मिश्रण आदल्या रात्री करून ठेवू नका. सकाळी बांधावर ताडपत्री टाकून, दोन-तीन तासांत पडेल एवढंच मिसळा. पाऊस आला आणि काम अडलं, तर उरलेलं लायनरच्या पोत्यात घट्ट बांधा, आणि दुसऱ्या दिवशी नवं मिसळायच्या आधी ते सरीत जाऊ द्या.